सामाईक कपाटाच्या किल्ल्या



माझ्या आईजवळचीं जुनीं छायाचित्रें आम्हीं दोन पावसाळे खपून संगणकांत उतरविलीं आणि दिवाणखान्यांतील संगणकावर एका सामाईक फोल्डरमध्यें ठेविलीं. घरांत आणखी दोन संगणक आहेत. तिन्ही एकाच वायफायवर. ज्याला हवीं त्यानें आपल्या खोलींत बसून तीं पाहावींत, असा साधा बेत होता. परंतु थोरल्या मुलीच्या संगणकावर फोल्डर उघडे, चित्रांचीं नांवें दिसत, आणि चित्र उघडूं जातां मात्र 'परवानगी नाहीं' असा निरोप येई. तासभर खटपट करून मी कंटाळलों आणि सर्वांना सर्व अधिकार देऊन मोकळा झालों. चित्रें उघडलीं. सर्वांना आनंद झाला.

पुढें महिन्याभरानें धाकट्या चिरंजीवांनीं आपल्या संगणकावरील पसारा आवरतांना त्या फोल्डरांतील एक भाग आपलाच समजून पुसून टाकला. रीसायकल बिन, म्हणजे कचऱ्याची पेटी, उघडून पाहिली तर रिकामी! दुसऱ्या संगणकावरील फाईल नेटवर्कवरून पुसली कीं ती सहसा त्या पेटींत पडत नाहीं, सरळ नाहींशी होते, हें ज्ञान मला त्या दिवशीं झालें. बरींचशीं चित्रें बंधूंकडील प्रतींतून परत मिळालीं. मावशीच्या लग्नाचीं मात्र गेलीं तीं गेलींच. म्हणून सगळीं दारें सताड उघडण्यापूर्वीं नेमकें कोणतें दार अडलें आहे हें कसें ओळखावें, तेवढेंच आज सांगणार आहें.

विंडोज संगणकावरील सामाईक फोल्डराला एकामागें एक अशीं दोन दारें असतात. फोल्डरावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' उघडलें म्हणजे त्यांचीं पानें शेजारीं शेजारीं दिसतात. पहिलें 'शेअरिंग'चें, तें नेटवर्कवरून येणाऱ्यालाच लागू आहे. दुसरें 'सिक्युरिटी'चें, तें त्याच संगणकापुढें बसलेल्यालाही लागू आहे. बाहेरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावीं लागतात, आणि दोहोंत जी परवानगी कमी तीच खरी. एकानें 'वाटेल तें करा' म्हटलें आणि दुसऱ्यानें 'फक्त वाचा' म्हटलें, तर वाचण्यापलीकडे कांहीं करतां येत नाहीं.

आतां तपासणीचा क्रम. प्रथम पडद्यावरचा निरोप नीट वाचावा. दुसरा संगणक सांपडतच नसेल तर तो परवानगीचा प्रश्नच नव्हे. घरचें नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलें आहे काय तें पाहावें आणि तें 'प्रायव्हेट' करावें. मात्र उपाहारगृहांतील वा प्रवासांतील नेटवर्कवर असें कधींही करूं नये.

नांव आणि पासवर्ड पुनःपुन्हां विचारला जात असेल तर अडचण ओळखीची आहे. संगणक सुरू करतांना आपण जो 'पिन' दाबतों तो त्याच संगणकापुरता असतो. नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाहीं त्याला विंडोज नेटवर्कवरून सहसा आंत घेत नाहीं. पासवर्ड बदलला असेल तर 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्यें जुना राहिला आहे काय तेंही पाहावें.

निरोप स्पष्टपणें 'परवानगी नाहीं' असाच असेल, तर ज्या संगणकावर फोल्डर आहे त्याच्यापुढेंच बसावें आणि अडलेल्या माणसाच्या खात्यानें ती फाईल उघडून पाहावी. तेथें उघडली तर दोष बहुधा पहिल्या दाराचा. तेथेंही न उघडली तर दुसऱ्याचा. आमच्याकडे दुसरें दार अडलें होतें. एकाच डिस्कवर फाईल एका फोल्डरांतून दुसऱ्यांत हलविली तर ती आपल्या जुन्या परवानग्या बरोबर घेऊन येते. प्रत केली तर नव्या फोल्डराच्या घेते. मीं तीं चित्रें माझ्या खासगी फोल्डरांतून हलविलीं होतीं. 'सिक्युरिटी'मधील 'ॲडव्हान्स्ड' पानावर, फोल्डराच्या परवानग्या आंतील सर्व फाईलींना लावण्याच्या चौकटींत एक खूण केली असती तर काम झालें असतें.

एक इशारा. जुनें यंत्र जोडलें जात नाहीं म्हणून 'एसएमबी १' ही जुनी पद्धत पुन्हां चालू करण्याचा सल्ला पुष्कळ देतात. तो मानूं नये. मे २०१७ मध्यें 'वॉनाक्राय' हा उपद्रव तिच्यांतील दोषाच्या वाटेनेंच जगभर पसरला.

आतां आमच्या दिवाणखान्यांतील संगणकावर घरांतील प्रत्येकाचें पासवर्डासह निराळें खातें आहे. चित्रें पाहण्याची मुभा सर्वांना आहे. बदलण्याची व पुसण्याची फक्त मला आणि थोरल्या मुलीला. शिवाय एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून ती लांकडी कपाटांत ठेविली आहे, आणि त्या कपाटाची किल्ली आईपाशीं असते.