विद्यापीठात लिहिलेले कोणाचे?



 अध्यक्षपदावरून आज मला एकाच विषयावर बोलायचे आहे. विद्यापीठासाठी आपण जे लिहितो त्याची मालकी कोणाची, आणि ते वाचायची, छापायची, वापरायची परवानगी कोणी कोणाला द्यायची?

1957च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम 17 लेखकालाच पहिला मालक मानते. नोकरीचा भाग म्हणून केलेले लेखन मात्र, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचे होते. आता प्राध्यापकाची नेमणूक शिकवण्यासाठी, संशोधनासाठी, पेपर तपासण्यासाठी असते. त्याने रात्री जागून लिहिलेला समीक्षाग्रंथ विद्यापीठाचा, असे आजवर कोणी म्हटलेले नाही, आणि म्हणू नये. खरा घोळ होतो तो विद्यापीठ मुद्दाम लिहून घेते तिथे, दूरशिक्षणाच्या पुस्तकांत.

ही पुस्तके बहुधा बाहेरच्या महाविद्यालयांतले शिक्षक लिहितात. पत्र येते, चार घटक लिहायचे, मुदत दोन महिने. हस्तलिखित जाते, काही महिन्यांनी मानधन येते, पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही होते. पुस्तक छापून येते तेव्हा हक्कपृष्ठावर सर्व हक्क विद्यापीठाकडे असतात आणि लेखकाचे नाव आत कुठेतरी बारीक टाइपात. मी अशी पुस्तके ग्रंथालयात नोंदवून घेतली आहेत, आणि त्यांच्या लेखकांना विचारलेही आहे. हक्क दिल्याचा कागद कोणालाच आठवत नाही.

हे लेखक विद्यापीठाचे नोकर नाहीत. म्हणजे हक्क विद्यापीठाकडे जायचे तर लेखी, सही केलेले हस्तांतरण हवे. कोणते लेखन, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदल्यावर, हे त्यात असायला हवे, असे कलम 19 सांगते. काळ लिहिलेला नसेल तर पाच वर्षे धरली जातात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. मानधनाची पावती म्हणजे हस्तांतरण नव्हे. प्रश्नपत्रिकांच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने 1996 साली हेच धरले. पेपर काढणाऱ्याने लेखी हक्क दिले नसतील तर ते परीक्षा मंडळाकडे जात नाहीत. लंडनच्या न्यायालयाने 1916 सालीच परीक्षकांच्या बाजूने असा कौल दिला होता.

प्रबंधाबद्दल तर शंकेला जागाच नाही. विद्यार्थी नोकर नसतो, प्रबंध त्याचा. तो शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर ठेवला जातो, हे उत्तमच आहे. सोनेरी अक्षरांचा रेक्झिनचा खंड कपाटात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा ते हजारपट चांगले. पण ठेवायची परवानगी दिली म्हणजे मालकी दिली असे होत नाही. आणि मार्गदर्शक मार्गदर्शन करतो म्हणून सहलेखक ठरत नाही. विद्यार्थ्याच्या लेखावर स्वतःचे नाव पुढे लावणाऱ्यांनी कलम 57 वाचावे. हक्क विकून टाकले तरी लेखक म्हणून नाव लागण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. हा अन्याय आपल्या डोळ्यांदेखत चालतो आणि आपण गप्प बसतो, याचे मला फार वाईट वाटते.

आता मालकाने काय करावे याचे एक उदाहरण, आणि ते आपल्या शेजारचेच आहे. गोवा विद्यापीठाने चार खंडांचा कोंकणी विश्वकोश सिद्ध केला. 2013 साली त्याच विद्यापीठाने तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. श्रेय द्या, वापरा, बदला, छापून विकासुद्धा. मात्र तुम्ही जे नवे कराल तेही याच अटींवर इतरांना द्या, असा हा परवाना. विद्यापीठाने मालकी सोडली नाही, फक्त दार उघडले. वाचक मोजके, पुनर्मुद्रणाचा खर्च मोठा, अशा भाषेत असा कोश एरवी गोदामातच राहिला असता. खुला झाल्यावर तो टंकित करून विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयावर आणण्याच्या कामाला विद्यार्थ्यांचे हात लागले. लोकांच्या पैशाने झालेले काम लोकांकडे असेच परत जायला हवे.

याच्या उलट आपली स्थिती बघा. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीतून शास्त्रांची आणि सामाजिक शास्त्रांची पुस्तके काढली. मराठीतून उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलाला आजही ती उपयोगी पडतील. पण ती स्कॅन करायची तर विचारायचे कोणाला? लेखक 1990 साली वारले असतील तर हक्क 2050च्या अखेरपर्यंत चालतो, वारस कुठल्या गावी आहेत ते ठाऊक नसते, आणि करारपत्रे कोणाच्या फायलीत आहेत ते कोणीच सांगत नाही. ग्रंथपाल घाबरतो आणि पुस्तकाला वाळवी लागते.

घाबरण्याचे कारण नेहमीच खरे असते असेही नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी 2012 साली दावा लावला. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या भागांच्या प्रती काढून देणे बेकायदा आहे, असे त्यांचे म्हणणे. ज्यांच्या लेखनावरून हे चालले होते त्यांतल्या काही प्राध्यापकांनीच दाव्याला जाहीर विरोध केला. 2016 साली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी आणि मग खंडपीठानेही कलम 52मधली अध्यापनासाठीची सूट व्यापक अर्थाने घेतली, आणि 2017 साली प्रकाशकांनी दावा सोडून दिला. शिकवण्यासाठी लागेल तेवढा भाग मुलांना द्यायला कायद्याची आडकाठी नाही, हे आपल्या प्रत्येक महाविद्यालयात पोचायला हवे.

उद्याच्या खुल्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. विद्यापीठाने लिहून घेतलेल्या पुस्तकाची मालकी लेखकाकडे राहावी. विद्यापीठाला छापण्याचा आणि ऑनलाइन देण्याचा परवाना मिळावा, आणि तो कामाला सुरुवात होण्याआधी लेखी व्हावा. पुस्तक दोन वर्षे उपलब्ध नसेल तर लेखकाला ते हवे तिथे छापता यावे किंवा खुले करता यावे. प्रबंधाचा परवाना विद्यार्थ्याने स्वतः निवडावा. दोन वर्षे कमी की जास्त, यावर माझा हट्ट नाही. विद्यापीठांचे अधिकारीही सभागृहात आहेत. त्यांची अडचण असेल तर तीही ऐकायची आहे. मसुदा आपल्या पिशवीत आहे. दुरुस्त्या आज संध्याकाळपर्यंत नोंदणी कक्षात लेखी द्याव्यात, आणि ज्यांनी अशी पुस्तके लिहिली आहेत त्यांनी आपले नेमणूकपत्र किंवा पावती असेल तर तिची प्रतही सोबत जोडावी.