न ऐकणारा साथीदार



बँड हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें लग्नाची वरात, पितळी वाद्यें आणि लाल डगले उभे राहतात. आज ज्या बँडविषयीं मी बोलणार आहें तो निराळा. गिटार, ड्रम आणि गळा एवढ्या सामग्रीवर सभागृह दणाणून सोडणारी चारपांच जणांची ही मंडळी. असा बँड रंगमंचावर वाजत असतां पुष्कळदां ड्रमवाल्याच्या कानांत एक यंत्र ठरावीक गतीनें टिकटिक करीत असतें. प्रेक्षकांस ती ऐकूं येत नाहीं. पण सारें वादन तिच्या धाकांत चाललेलें असतें. तिला क्लिक ट्रॅक असें म्हणतात. कोणी म्हणतो, ही टिकटिक आली आणि संगीतांतला जीव गेला. कोणी म्हणतो, हिच्यावांचून आजचें वादन उभेंच राहणार नाहीं. या वादांत खरें काय, याचा आज थोडा विचार करूं.

ठोका यंत्राच्या स्वाधीन करण्याची कल्पना जुनी आहे. योहान मेल्झेल यानें १८१५ सालीं मेट्रोनोम या लंबकाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. मूळ युक्ति ॲम्स्टरडॅम येथील विंकेल नांवाच्या कारागिराची होती. १८१७ सालीं बीथोव्हेननें आपल्या तोंवर झालेल्या आठ सिंफनींना या यंत्राचे आंकडे लावून दिले. पण मेट्रोनोमची खरी जागा तालमीच्या खोलींत. वादकाच्या कानांत टिकटिक घालण्याची निकड उत्पन्न केली ती बोलपटांनीं. पडद्यावरील चित्र सेकंदाला २४ चौकटी या वेगानें धांवतें. उंदीर कोणत्या चौकटीला उडी मारणार हें आधींच ठरलेलें. तेव्हां ठरावीक चौकटींमागें फितीला एकेक भोंक पाडावें, त्याचा होणारा टिक असा आवाज वादकांस हेडफोनमधून ऐकवावा, म्हणजे झांज नेमकी उडीवर पडते. बारा चौकटींना एक भोंक म्हणजे अर्ध्या सेकंदास एक ठोका, अर्थात् मिनिटास १२० ठोके. १९२९ च्या सुमारास वॉल्ट डिस्ने यांच्या व्यंगचित्रपटांत ही युक्ति वापरांत आली. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वादक चुकला म्हणून चित्र थांबत नाहीं. माणसानेंच त्याच्या मागें जावयाचें असतें. न ऐकणाऱ्या साथीदाराशीं गांठ पडली, म्हणूनच ही टिकटिक जन्मास आली.

हा न ऐकणारा साथीदार रंगमंचावर कसा येऊन बसला याचें चांगलें उदाहरण इंग्लंडमधील ‘द हू’ या बँडचें आहे. १९७१ सालीं त्यांची ‘हूज नेक्स्ट’ ही तबकडी निघाली. तींतील दोन गाण्यांत पीट टाउनशेंड यानें ऑर्गन व सिंथेसायझर यांच्या साह्यानें स्वरांचें एक अखंड फिरणारें चक्र बसविलें होतें. यांपैकीं एका गाण्याचें नांव ‘बाबा ओ’रायली’. त्यांतील बाबा म्हणजे आपल्या पुण्यास जन्मलेले मेहेरबाबा, ज्यांची समाधि अहमदनगराजवळ, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराजवळ, मेहेराबाद येथें आहे. टाउनशेंड हा त्यांचा भक्त. दुसरें गाणें ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’. तें साडेआठ मिनिटांचें असून त्यांत एके ठिकाणीं सारीं वाद्यें थांबतात, केवळ तें स्वरचक्र फिरत राहतें, आणि मग ड्रम एकाएकीं कोसळून पडतात. हें प्रेक्षकांसमोर वाजवावयाचें तर स्वरचक्राची ध्वनिफीत लावणें भाग होतें.

फीत लावली कीं अडचण सुरू होते. सोपें गणित करूं. मिनिटास १२० ठोक्यांचें गाणें चार मिनिटें चाललें तर ४८० ठोके होतात. वादकांच्या अंगांत उत्साह संचारला आणि त्यांनीं १२० च्या जागीं १२२ ची गति धरली, तर तेच ४८० ठोके सुमारें २३६ सेकंदांत संपतात. म्हणजे बँड फितीच्या चार सेकंद पुढें निघून जातो. प्रेक्षकांतील कोणास ही दोन ठोक्यांची वाढ कळणारही नाहीं, उलट रंग भरला असें वाटेल. पण फितीच्या हिशेबीं आठ ठोक्यांचा घोटाळा झालेला असतो. बरें, फीत कर्ण्यांतून ऐकून वाजवावें म्हटलें, तर ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. कर्णा १७ मीटरांवर असेल तर सेकंदाचा विसावा भाग वाटेंतच खर्ची पडतो. शिवाय ड्रमच्या गडगडाटांत तो ऐकूं येईल तेव्हां खरें! म्हणून ‘द हू’चा ड्रमवाला कीथ मून अशा गाण्यांच्या वेळीं हेडफोन घालून बसे. नुसत्या टिकटिकीऐवजीं तें स्वरचक्रच त्याच्या कानांत चाले, पण काम तेंच. मे १९७८ मध्यें शेपर्टन येथें झालेलें त्याचें या बँडबरोबरचें शेवटचें वादन ‘द किड्स आर ऑलराइट’ या १९७९ च्या चित्रपटांत आहे. त्यांत हेडफोन डोक्यास चिकटपट्टीनें जखडलेला मून आपणांस दिसतो. मून हा मोजूनमापून वाजविणारा गृहस्थ नव्हे. मोकाट घोड्यासारखा उधळणारा म्हणून त्याची ख्याति. तरी त्या कडक चौकटींतही त्याचें वादन त्याचेंच राहिलें. तेव्हां टिकटिक आली कीं वादक मेला, हें म्हणणें कांहीं खरें नाहीं.

येथें मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. मी शिक्षक असतांना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलींचें लोकनृत्य होतें. गाणें ध्वनिफितीवर आणि ढोलकी मात्र रंगमंचावर, एका मुलाच्या हातांत. तालमी वर्गांत झाल्या, तेथें यंत्र त्याच्या गुडघ्याशीं असे. संमेलनाच्या दिवशीं कर्णे प्रेक्षकांकडे तोंडें करून लावलेले. दुसऱ्या कडव्यास ढोलकी आणि गाणें यांची फारकत झाली, मुलींचीं पावलें अडखळलीं, लोक हंसले. दुसऱ्या दिवशीं भर वर्गांत मी त्या मुलास म्हणालों, “तुला लयच नाहीं.” पुढील वर्षीं ढोलकी दुसऱ्यास दिली. त्याला गाणें ऐकूंच येत नव्हतें, हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं. फीत त्याचें ऐकत नव्हती, आणि फितीचें ऐकण्याची सोय मीं त्याला करून दिली नव्हती. त्याच्या कानाशीं एखादें यंत्र असतें तर त्याची अब्रू राखली गेली असती.

आतां दुसरी बाजू. १९७३ सालीं ‘द हू’नीं ‘क्वाड्रोफेनिया’ ही मोठी रचना रंगमंचावर आणली. तिच्यांत फितींवर भिस्त फारच होती. ५ नोव्हेंबर रोजीं न्यूकॅसल येथील ओडियन सभागृहांत फीत आणि वादक यांची चुकामूक झाली. टाउनशेंड इतका भडकला कीं ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाच्या अंगावर तो धांवून गेला, फिती ओढून काढल्या, आणि मंडळी रंगमंच सोडून निघून गेली. कांहीं वेळानें तीं माणसें परत आलीं व त्यांनीं आपलीं जुनीं गाणीं वाजविलीं. यांतील मर्म मला असें दिसतें कीं, मूनच्या कानांत हेडफोन असून उपयोग झाला नसता. कारण चुकीच्या जागेवरून सुरू झालेली फीतही ठोका मात्र बिनचूकच देते. तिला वेळ कळते, गाणें कळत नाहीं. माणूस चुकला तर शेजारचा माणूस दोन मात्रा थांबून त्याला सांभाळून घेतो. फितीस तें साधत नाहीं. त्या रात्रीं कार्यक्रम तगला तो जुनीं गाणीं एकमेकांचें ऐकून वाजवितां येत होतीं म्हणून.

आपल्याकडे तबल्याचें स्वतंत्र वादन असतें तेव्हां हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा धरतात. एकच ओळ पुनःपुन्हां. वरवर पाहतां तीही एक टिकटिकच. परंतु तबलजीनें मान हलविली कीं लेहरेवाला लय चढवितो. तिहाई समेला केसभर पुढें येऊं लागली तर तिला सांवरून घेतो. तो ठोका देतो आणि ऐकतोही. यंत्रानें निम्मेंच काम उचललें आहे.

म्हणून माझें मत असें आहे. रंगमंचावर फीत, पडद्यावरचें चित्र किंवा ठरल्या क्षणीं पालटणारे दिवे असे न ऐकणारे साथीदार असतील, तेथें क्लिक ट्रॅक अवश्य असावा. तेथें तो नाकारणें म्हणजे वादकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला दोरावर चालविण्यासारखें आहे. जेथें सगळेच साथीदार ऐकणारे आहेत, तेथें तालमींत त्याच्याशीं खुशाल झुंजावें, आपण कोठें धांवतों आणि कोठें रेंगाळतों तें पाहावें, पण प्रेक्षकांपुढें एकमेकांच्या कानांवर विश्वास ठेवावा. आणि टिकटिक लावलीच, तर ती बंद करण्याची कळ वादकांपैकींच कोणाच्या तरी हाताशीं असावी, व ती बंद पडल्यावर गाणें पुढें कसें न्यावयाचें याचीही एक तालीम झालेली असावी.

त्या ढोलकीवाल्या मुलाचे केस आतां पिकूं लागले असतील. पुढें त्यानें ढोलकीस हात लावला कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. कोठें रेडिओजवळ बसून हें भाषण तो ऐकत असेल, तर त्याला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, बाळ, लय तुझी चुकली नव्हती. चूक माझी होती.