वेळीच सत्य सांगणारा वैद्य
(धर्मग्रामाच्या ज्युबिली समारंभात केलेले भाषण)



आज ज्युबिलीचा मंगल प्रसंग आहे. अशा दिवशी पूर्वजांचे स्मरण करावे, ही रीतच आहे. आज आम्ही आपल्याच धर्मकुटुंबातील एका वैद्याचे स्मरण करू इच्छितो.

डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील हडफडे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८८० साली परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी त्याच शहरी वैद्यकी आरंभिली. पुढे ते म्युनिसिपालिटीचे सभासदही झाले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या दाट वस्तीत तापाने व गाठीने माणसे दगावू लागली. हा प्लेग होय, असे व्हिएगस यांनी स्पष्ट सांगितले. व्यापाराच्या नगरीत असे बोल कोणास रुचणार? पुष्कळांनी संशय घेतला. परंतु तज्ज्ञांच्या तपासणीत निदान खरे ठरले. व्हिएगस बोलून स्वस्थ बसले नाहीत. गलिच्छ वस्त्या स्वच्छ व्हाव्या, उंदीर नष्ट व्हावे, म्हणून त्यांनी अविश्रांत खटपट केली, आणि हाफकीन यांची १८९७ सालची लस सहस्रावधी लोकांस स्वहस्ते टोचली. १९०६ साली ते म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. धोबी तलावापाशी त्यांचा पुतळा उभारलेला आहे.

मुंबईच्या या कथेशी चांदूरचा संबंध काय, असे कोणी विचारील. साथीच्या भयाने लक्षावधी लोक मुंबई सोडून पळाले, आणि रोगही त्यांच्यासवे आगगाडीने दूरदूर गेला. आपल्या तर गावाच्या नावातच रेल्वे आहे! दडविलेल्या रोगास तिकीट लागत नाही.

हे आम्ही उच्चासनावरून सांगत नाही. २०२० च्या करोनाच्या साथीत आमच्या घरी ताप शिरला, तेव्हा लोक वाळीत टाकतील या भयाने आम्ही तो तीन दिवस लपविला. शेजारची एक वृद्ध बाई आमच्याकडे नित्य येत असे. तीही आजारी पडली. ती वाचली, ही देवाची कृपा. आमचे शहाणपण नव्हे.

आजही क्षयाचा खोकला व कुष्ठाचा बधिर चट्टा कित्येक घरी दडविला जातो. दोन्ही रोग औषधाने बरे होतात, व ते औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. जेव्हा असे औषध सुलभ नव्हते, त्या १९४६ सालीही आपल्या अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरोग्यांसाठी तपोवन वसविले. प्रभूने तर कुष्ठरोग्यास प्रत्यक्ष हात लाविला.

लपविणाऱ्यास दोष देणे सोपे आहे. परंतु तो आपल्यालाच भिऊन लपवितो. म्हणून या ज्युबिलीस आपण एवढाच संकल्प करू या : जो आपला आजार उघड सांगेल, त्यास दवाखान्यापर्यंत सोबत करू, आणि तो बरा होऊन येईल तेव्हा प्रार्थनेच्या बाकावर आपल्या शेजारीच जागा देऊ. प्रभू आपणांस ते बळ देवो. आमेन.