‘वय झालं’ हे निदान नव्हे

सातारा आणि सांगलीहून इथे कराडला जमलेल्या दंतवैद्य मित्र-मैत्रिणींनो,

मला आज एकाच वाक्याबद्दल बोलायचं आहे. आपला पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या म्हणतो, “वय झालं, आता दात हलायचेच.” आणि ओपीडीच्या गर्दीत आपणही मान डोलावतो.

मागच्या हिवाळ्यात माण तालुक्यातल्या एक मावशी आल्या. तोंडावर पदर. खालचे पुढचे चार दात जिभेच्या धक्क्यानं हलत होते. हिरडी पार खाली उतरलेली आणि उघड्या पडलेल्या मुळांवर मिश्रीचा काळा थर. किती वेळा लावता, विचारलं. “सकाळी उठल्याव, भांडी झाल्याव, रानातनं आल्याव. मग निजताना.” कनवटीची डबी त्यांनी आपणहून काढून दाखवली. वय ४६. हे काय दात जायचं वय आहे?

डेंटल कौन्सिलच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत हिरड्यांचा काही ना काही विकार १२ वर्षांच्या मुलांत ५७ टक्के होता, ३५ ते ४४ वयोगटात ८९.६ टक्के. आणि ६५ ते ७४ मध्ये? ७९.९. म्हातारपणी हिरड्या सुधारल्या असं कुणी समजू नये. पडून गेलेल्या दाताची हिरडी मोजायची कशी?

हॅराल्ड लो यांनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरचे ४८० मजूर १९७० पासून १५ वर्षं तपासले. दात घासायची सवय त्यांना नव्हतीच. वर्षं सगळ्यांची सारखीच सरली, तरी सुमारे ८ टक्के लोकांचे दात झपाट्यानं गेले आणि ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे सरकला नाही. वय आजाराला वेळ देतं. आजार वयातून येत नाही. हेही ध्यानात घ्या की ते सगळे मजूर पुरुष होते.

बायकांचं काय? अमेरिकेत २००९ ते २०१४ च्या पाहणीत तिशीपुढच्या पुरुषांपैकी निम्म्यांना पेरिओडोंटायटिस आढळला, बायकांत साधारण एक तृतीयांश. म्हणजे बाई मुळात बऱ्या स्थितीत असते. आपल्याकडे ती मिश्रीपायी ही जमेची बाजू गमावते, असं माझं ठाम मत आहे. बिडी ओढणाऱ्याची हिरडी फसवते, कारण तंबाखूमुळे रक्त कमी येतं आणि तो निर्धास्त राहतो. त्याला आपण बिडीबद्दल न चुकता विचारतो. बाईला मिश्रीबद्दल किती जण विचारतात? तव्यावर भाजून कुटलेला तो तंबाखू तिच्या लेखी व्यसन नसतोच, दात घासणं असतं. “तंबाखू खाता का?” म्हटलं की ती खरेपणानं “नाही” म्हणते. केसपेपरवर मिश्रीचा वेगळा रकाना हवा, आणि लावलेली मिश्री किती वेळ तोंडात राहते, हेही विचारायला हवं.

त्या मावशींची सून दाराशी उभी होती, पाचवा महिना. दातांतून रक्त येतं का, विचारलं, तर लाजून म्हणाली, “येतं, पण पोटुशीपणी येतंच म्हणत्यात.” गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरडी सुजते खरी, पण दातावर कीटण असेल तरच ती एवढी भडकते. आणि या दिवसांत ते काढणं सुरक्षित असतं. तिला खुर्चीत बसवलं आणि त्याच दुपारी दात साफ करून दिले. मावशी तेवढा वेळ डबी मुठीत धरून शेजारी बसून होत्या.