मैत्रिणीचं ऐकावं किती?

मी कोहमाऱ्याहून बोलते आहे. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. दर वेळी मी तुमच्याशी हप्ते, वह्या आणि बँकेबद्दल बोलते. आज एका कादंबरीबद्दल बोलायचं आहे. पण काळजी करू नका, वहीची गोष्ट त्यातही येणारच आहे!

कादंबरीचं नाव 'मृत्युंजय'. लेखक शिवाजी सावंत, कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याचे. १९६७ साली ही कादंबरी आली तेव्हा त्यांचं वय होतं अवघं सत्तावीस. १९९४ साली त्यांना मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला. कादंबरी कर्णाची आहे. कर्ण आपल्याला काही नवा नाही. दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते, रात्र-रात्र नाटकं आणि दंडारी होतात. थंडीत घोंगडं पांघरून तिथे बसलेल्या आपल्या बायांना महाभारत कोणी शिकवायला नको.

मग ही जाडजूड कादंबरी वाचायची कशाला? कारण यात प्रत्येक जण आपापली बाजू स्वतः सांगतो. पुस्तकाचे नऊ भाग आहेत. चार भागांत कर्ण बोलतो. बाकीचे पाच भाग कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण आणि श्रीकृष्ण यांचे. तीच घटना, पण सांगणारं माणूस बदललं की वेगळी दिसते. गटात भांडण झालं की आपण काय करतो? दोघींचंही ऐकून घेतो. तसंच हे.

कर्णाचं बालपण चंपानगरीत गंगेच्या काठी गेलं. वाढवणारी आई राधा, बाप अधिरथ रथ हाकणारा. धाकटा शोण दादाच्या पाठीपाठी फिरणारा. पुढे हस्तिनापुरात अश्वत्थामा जिवाचा मित्र होतो. कर्ण रोज सूर्याला अर्घ्य देतो, ही त्याची श्रद्धा. पण जिथे जाईल तिथे लोक विचारतात, तू कोणाचा? सारथ्याचा? मग मागे बस. हे झालं त्याचं नशीब. भर आखाड्यात असा अपमान होत असताना दुर्योधन पुढे येतो, त्याला अंगदेशाचा राजा करतो आणि मित्र म्हणून जवळ घेतो. अशा माणसाचे उपकार कोण विसरेल?

आता माझी गोष्ट. ज्या मैत्रिणीची आहे तिला विचारूनच सांगते आहे. नाव सांगणार नाही.

आम्ही दोघी पहिलीपासून एका बाकावर. शाळेत जाताना बांधीच्या धुऱ्यावरून मागेपुढे चालायचो. पावसाळ्यात एकच छत्री, तीही तिची. दहावीनंतर तिचं लग्न झालं, मी बी.ए. केलं. माझ्या फॉर्मची फी भरायची होती तेव्हा वडिलांकडे पैसे नव्हते. तिने तेंदूपत्त्याच्या मजुरीतले पैसे आणून माझ्या हातावर ठेवले. सासरी कोणाला न सांगता. आज मी जी कोणी आहे, त्यात तिचा वाटा आहे.

पुढे ती आमच्याच एका गटाची सचिव झाली. अकरा बायांचा गट. एका भादव्यात, रोवणा आटोपल्यावर, बैठकीनंतर अर्धा तास आम्ही 'मृत्युंजय' वाचायला सुरुवात केली. मी वाचायची, बाया ऐकायच्या. त्याच दिवसांत मला बँकेच्या पासबुकात फरक दिसला. बायांच्या पुस्तकात हप्ते जमा होते, बँकेत नव्हते. तीन महिन्यांचे मिळून ६,४०० रुपये.

मी तिला एकटीला विचारलं. ती म्हणाली, "नवऱ्याच्या दवाखान्यात गेले. भरून देईन. लहानपणापासूनची आहेस ना माझी? या महिन्यात वही उघडू नको."

आणि मी वही उघडली नाही. हे मी आज रेडिओवर कबूल करते. एक महिना मी सगळं ठाऊक असून गप्प बसले. मनात म्हटलं, तिने माझ्यासाठी केलं, मी तिच्यासाठी एवढंही करू नये?

नेमका त्या आठवड्यात वाचनात द्यूताचा प्रसंग आला. भर सभेत द्रौपदीची विटंबना होते आणि एवढा दानशूर, एवढा सोसलेला आपला कर्ण तिला वाईट शब्द बोलतो. बाया एकदम शांत झाल्या. मग आमच्या गटातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, "मित्र होता ना तो दुर्योधनाचा? मग मित्राचा हात धरून 'हे नको करू' असं एकदा तरी म्हणायचं होतं. दुसऱ्या कोणाचं नसतं ऐकलं, याचं ऐकलं असतं."

तिला काही ठाऊक नव्हतं. पण मला वाटलं, ती माझ्याशीच बोलते आहे. ऐकून घेईल अशी मैत्रीण फक्त मी होते, आणि मीच बोलत नव्हते.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती चुलीपुढे होती. म्हणाली, "माझ्या नशिबातच हे लिहिलं आहे." मी म्हटलं, "नवऱ्याचं दुखणं नशिबाने आलं असेल. पण वही नशिबाने नाही लिहिली, ती आपण लिहिली. पुढच्या बैठकीत तू स्वतः सांग. मी तुझ्या शेजारी बसते. आणि महिनाभर मी लपवलं, हे मी सांगते." ती खूप रागावली. फीच्या पैशांची आठवण काढली नाही, पण तिच्या डोळ्यांत मला तेच दिसलं.

बैठकीत ती उभी राहिली आणि तिने सांगितलं. मीही सांगितलं. दोघी-तिघी फार बोलल्या. त्यांचं काय चुकलं? त्यांच्या घामाचे पैसे होते. मग त्याच म्हाताऱ्या बाईने विचारलं, "दवाखान्यासाठी मागितले असते तर आपण दिले नसते काय?" शेवटी ठराव झाला. ती रक्कम तिच्या नावावर कर्ज म्हणून लिहायची, महिन्याला ४०० रुपये मुद्दल आणि नियमाप्रमाणे व्याज. सचिवपद दुसरीकडे. आणि मी वही तपासताना गटातल्या दोघी सोबत बसणार. हा शेवटचा नियम माझ्यासाठी होता. मी तो मान्य केला.

ती माझ्याशी चार महिने बोलली नाही. वाचनालाही थांबायची नाही. हप्ता मात्र एकदाही चुकला नाही. पुढच्या वर्षीच्या पौषात सोळावा हप्ता भरून झाला. मधल्या धावपळीत आमचं वाचन मागे पडलं होतं, ते आम्ही पुन्हा पहिल्यापासून धरलं. त्या दिवशी ती उठली नाही. म्हणाली, "कुंतीचा भाग मी वाचते."

कुंतीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. लग्नाआधी झालेलं मूल, लोक काय म्हणतील ही भीती, आणि पेटीत घालून नदीत सोडलेलं बाळ. पुढे ते बाळ मोठं होऊन समोर दिसतं, तरी ती बोलत नाही. बोलते ती थेट युद्धाच्या तोंडावर. तेव्हा फार उशीर झालेला असतो. वाचताना माझी मैत्रीण दोनदा थांबली. मग पुस्तक मिटून एवढंच म्हणाली, "हिला बोलायला जवळ कोणी नव्हतं."

मैत्रिणींनो, कर्णाचं नशीब म्हणून आपण हळहळतो. पण त्यातलं किती देवाने लिहिलं आणि किती माणसांच्या गप्प बसण्याने घडलं, हे वाचताना जरूर मोजा. गट कशावर चालतो? विश्वासावर. पण वही उघडी ठेवली म्हणून विश्वास कमी होत नाही. म्हणून दर बैठकीत जमा, कर्ज आणि बँकेची शिल्लक मोठ्याने वाचा. सचिवाच्या घरीही दुखणं येतं, तिलाही उघडपणे कर्ज मागता येईल असं वातावरण ठेवा.

आणि जमलं तर 'मृत्युंजय' वाचा. बोलणारे सहा जण आहेत, तुमच्यातल्या सहा जणी वाटून घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना जवळ बसवा. सगळ्यात महत्त्वाचं त्याच बोलतील, हा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे सध्या वृषालीचा भाग चालू आहे. वाचते आहे ती माझी मैत्रीण.