दाताची कीड आणि आपल्या सवयी

एका गावात हरभऱ्यावरील घाटेअळीची बैठक होती. कामगंध सापळे कसे लावायचे ते मी सांगितले. बैठक उठली तसे एक वयस्क शेतकरी गाल धरून पुढे आले. म्हणाले, "साहेब, घाट्यातल्या अळीचं झालं. आता या दाढेतल्या अळीवर काय फवारायचं तेवढं सांगा." सगळे हसले. त्यांना मात्र हसू येत नव्हतं. पंधरा दिवस ते भाकरी चहात कुस्करून गिळत होते. भुईरिंगणीच्या बियांची धुरीही घेऊन झाली होती.

म्हणून आज पिकाऐवजी दाताविषयी बोलू. मी दंतवैद्य नव्हे. पण किडी ओळखणे हे माझे रोजचे काम, म्हणून एक गोष्ट खात्रीने सांगतो : किडक्या दातात अळी नसते. धुरीच्या वेळी जे पांढरे काही पडलेले दाखवतात, ते दातातून आलेले नसते.

मग दात किडतो कशाने? विरजणाचं उदाहरण घ्या. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात, म्हणून दही आंबट होते. आपल्या तोंडातही असे जिवाणू असतात. दाताला चिकटलेल्या गोडाचे आणि पिठाचे ते आम्ल करतात, आणि हे आम्ल दाताचे वरचे कठीण कवच विरघळवते. लाळ ते आम्ल धुऊन काढते, थोडी झीज भरूनही काढते. पण तिला निदान अर्धा-पाऊण तास लागतो.

इथेच खरी मेख आहे. गोड किती खाल्लं, त्यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व आहे. जेवणाबरोबर पुरणपोळी खाल्ली, तर लाळेला पुढे उसंत मिळते. पण तासातासाला गोड चहा, मध्येच गुळाचा खडा, पोरांच्या गालात गोळी, मग उसंत कुठली? आणि गूळ घरचा असला तरी दाताला तो साखरेसारखाच. ऊस चावून खाल्ला तरी नंतर चूळ भरायलाच हवी.

आता एक चूक माझ्याच घरातली सांगतो. माझी मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा तिच्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ आली. कोणताही दात न पडता आली, म्हणून आम्ही तीही दुधाचीच समजलो. काळा ठिपका दिसला तेव्हा "पडेल नि नवी येईल" म्हणून सोडून दिले. ती दाढ कायमची होती. आठव्या वर्षी ती काढावी लागली. आता तिच्या जागी दुसरी येणार नाही. शेतकऱ्यांना वेळेवर पाहणी करा म्हणून सांगणारा मी, घरातली पाहणी चुकलो.

तेव्हा या सवयी लावून घ्या :

१. दात दोन वेळा घासा. रात्री झोपताना घासणे फार जरुरीचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते. त्यानंतर पाण्याशिवाय काही घेऊ नका.

२. मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली पेस्ट वापरा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. मुलांचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत.

३. राखुंडी, विटकरीची पूड, वाळू यांनी दात घासू नका. कवच झिजते.

४. भगिनींनो, मशेरी सोडा. ठणका घटकाभर बधिर होतो, पण कीड थांबत नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने व्यसन लागते आणि तोंडाचा कर्करोग होऊ शकतो.

५. बाळाला तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवू नका. चोखणीला मध-गूळ लावू नका.

६. चहाच्या वेळा कमी करा. निदान गोड कमी करा आणि नंतर चूळ भरा.

७. महिन्यातून एकदा मुलांना उजेडात तोंड उघडायला सांगा. पांढुरका, खडूसारखा डाग दिसला तर ती सुरुवात असते. नीट काळजी घेतली तर तिथेच थांबते. खड्डा पडला तर दंतवैद्याकडून भरून घ्यावा लागतो.

जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात दंतवैद्य असतात, याची आरोग्य केंद्रात चौकशी करा. नुकसानीची पातळी ओलांडण्याआधी उपाय, हा पिकाचा नियम दातालाही लागू आहे. दाढ ठणकू लागली म्हणजे कीड आतल्या शिरेपर्यंत पोचलेली असते.

त्या शेतकरी काकांची दाढ शेवटी काढावी लागली. पुढच्या भेटीत ते म्हणाले, "साहेब, माझं पीक गेलं. पण नातवंडांचं राखतोय. रोज रात्री समोर बसवून घासून घेतो." आपणही आज रात्रीपासूनच सुरुवात करा.