बाळाशी कोण बोलतं?

मागच्या भागात आपण अंगात रक्त कमी असण्याविषयी बोललो. आजचा विषय निघाला की आपल्या बैठकीत आवाज आपोआप खाली जातो, तो म्हणजे एचआयव्ही. पण मी आज आजारावर फार वेळ बोलणार नाही, बाळांविषयी बोलणार आहे. आई एकोणीस-वीस वर्षांची, कधी त्याहून लहान. तिला एचआयव्ही आहे आणि तिच्या मांडीवर तीन महिन्यांचं नाहीतर दीड वर्षाचं लेकरू आहे. ते हसतं का, मान धरतं का, बोलायला लागतं का, आणि त्यात तुमचा-माझा काय संबंध, एवढाच आजचा विषय.

आधी एक गैरसमज काढू. आईला आहे म्हणजे बाळाला असणारच, असं बहुतेक जणी धरून चालतात. तसं नाही. काहीच उपचार झाले नाहीत, तर अशा शंभर बाळांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होऊ शकते. पण आईनं गरोदरपणापासून रोजची गोळी चुकवली नाही, बाळंतपण दवाखान्यात झालं आणि बाळाला सांगितलेलं औषध दिलं, तर हेच प्रमाण शंभरात पाचाच्याही खाली येतं. गोळ्या सरकारी एआरटी केंद्रात फुकट मिळतात. त्या जन्मभर घ्यायच्या असतात, बाळंतपण झालं म्हणून थांबवायच्या नसतात.

आता या आया इतक्या लहान का, ते तुम्हाला माहीत आहे. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांपैकी जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. ऊसतोडीला जायच्या आधी मुलीचं उरकून टाकणारी घरं आपल्याच गावांत आहेत. अशा मुलीच्या रक्ताची तपासणी आयुष्यात पहिल्यांदा होते ती पोटुशी राहिल्यावर. नवऱ्याची झालेलीच नसते. मग तिचा रिपोर्ट आधी येतो आणि ज्याचा रिपोर्ट आधी, त्याच्यावर आळ आधी. 'हिनंच आणलं' असं घरात म्हटलं जातं. हा कुठला न्याय, ते मला अजून कळलेलं नाही.

बाळ जन्मल्यावर त्याला निदान सहा आठवडे औषधाचे थेंब देतात, काही बाळांना जास्त दिवस. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते खास कागदावर वाळवतात आणि तपासायला पाठवतात. पुन्हा सहाव्या महिन्यात, मग वर्षाला, आणि पक्कं उत्तर अठराव्या महिन्यात. इतका उशीर का? तर आईच्या रक्तातून बाळाला मिळालेली प्रतिद्रव्यं पुष्कळ महिने त्याच्या अंगात राहतात. म्हणून साध्या तपासणीत बाळ निरोगी असूनही पॉझिटिव्ह दिसू शकतं. सुरुवातीला वेगळी तपासणी लागते ती त्यासाठी, आणि शेवटचा शिक्का दीड वर्षानं. मधे कधीही बाळ बाधित निघालं तर त्याचं औषध लगेच सुरू करायचं असतं, कारण हा विषाणू वाढत्या मेंदूलाही इजा करतो. वेळेवर औषध मिळालेली मुलं वाढतात, शाळेत जातात.

हे अठरा महिने नीट लक्षात घ्या. बाळाचा मेंदू सगळ्यात झपाट्यानं घडतो तो याच काळात. आणि याच काळात आई जीव मुठीत धरून एकेका रिपोर्टची वाट बघत असते. 'जगेल का' हा प्रश्न डोक्यात असला की बाळाशी लाडानं बोलायला, खेळायला तोंड उघडत नाही. शिवाय सांगता येईल असं माणूस जवळ नाही.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ पार्ल नावाचं गाव आहे, द्राक्षबागांचा भाग. तिथल्या डॉक्टरांनी शेकडो बाळांची वाढ जन्मापासून नोंदवली. ज्यांच्या आईला एचआयव्ही होता पण स्वतःला लागण नव्हती, अशी मुलं दोन वर्षांची झाल्यावर बोलणं समजण्यात आणि बोलण्यात इतर मुलांपेक्षा जास्त मागे आढळली. सगळी नाही, पण जास्त. म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता काळजी नको, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. कारण एकच नसतं. वजन कमी, दिवस भरायच्या आत जन्म, घरात खाण्याची ओढाताण, आईचं वय, आईच्या मनाची अवस्था, घरातली भांडणं. यातलं वजन आपण बदलू शकत नाही, पण मन आणि सोबत आपल्या हातात आहे. आणि हे ऐकून कुणी गोळीला दोष देऊन ती बंद करू नका. त्यानं आईचीही तब्येत जाईल आणि बाळाचा धोकाही वाढेल.

एका मुलीची गोष्ट सांगते. तिनं परवानगी दिली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-चार गोष्टी मी बदलल्या आहेत. एकोणिसाव्या वर्षी ती बाळ घेऊन माहेरी परत आली. माहेरच्यांनी ठेवून घेतलं, पण ताट-तांब्या वेगळा केला. बाळाला कुणी उचलायचं नाही. मागच्या खोलीत झोळी बांधलेली, ते दिवसभर त्यात. रडलं की झोका, गप्प बसलं की 'किती शहाणं' म्हणायचं. दहा महिन्यांचं झालं तरी टेकूशिवाय बसेना, बा-बा, मा-मा काही नाही, आणि माणूस समोर आलं तरी नजर दुसरीकडेच. तिला वाटलं, आजार मेंदूत गेला. तोवर सगळे रिपोर्ट चांगले आले होते, तरी तिला तसंच वाटत होतं.

आमच्या गटातल्या एक काकू तिच्या शेजारच्या. त्यांना कारण माहीत नव्हतं, त्यांनी विचारलंही नाही. दुपारी शेंगा फोडायला त्या तिच्या ओट्यावर जाऊन बसायला लागल्या. बाळाला पोतं अंथरून समोर बसवायचं, मागे उशी. टरफलं त्याच्यासमोर उधळायची, पदराआड तोंड लपवून 'कुक' करायचं, आणि सारखं बोलत राहायचं. 'ही शेंग बघ, ही फुटली, ही तुझी, ही माझी.' काकूंना बोलायला तसंही कारण लागत नाही! पंधरा दिवसांत ती मुलगीही बोलायला लागली, आधी काकूंशी, मग बाळाशी. मग अंगणवाडीताईंनी माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद केली, तपासणीच्या पथकानं जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. कान तपासले, ते चांगले निघाले. तिथं बसण्या-उभं राहण्याचे व्यायाम शिकवले. अठराव्या महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तेव्हा पोरगं भिंत धरून चालत होतं आणि 'आई' आणि 'काऊ' म्हणत होतं. बरोबरीच्या मुलांपेक्षा थोडं मागे होतं, अजूनही थोडं आहे. पण आता माणूस दिसलं की ते हात पुढे करतं.

काकूंनी जे सहज केलं, ते जमैका नावाच्या देशात ठरवून करून बघितलं गेलं आहे. तिथं एचआयव्हीचा विषय नव्हता, वाढ खुंटलेल्या गरीब घरच्या मुलांचा होता. १९८६-८७ साली किंग्स्टन शहरातल्या अशा १२९ मुलांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायच्या. घरच्याच वस्तूंची खेळणी करायची आणि आईला बाळाशी खेळायला शिकवायचं. वीसेक वर्षांनी बघितलं, तर त्या मुलांची कमाई तशाच परिस्थितीतल्या, पण खेळ न मिळालेल्या मुलांपेक्षा पंचवीस टक्क्यांनी जास्त निघाली. तासभर खेळण्यानं! आपल्या गटाची बैठकही तासाभराचीच असते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. आजार कुणाला आहे ते शोधू नका. तीन वर्षांच्या आतलं मूल असलेल्या गावातल्या सगळ्याच आयांना आठवड्यातून एकदा बोलवा, मग कुणाचं काही उघड व्हायचा प्रश्नच येत नाही. अंगणवाडीत, देवळाच्या ओट्यावर, कुठेही. चार-पाच महिन्यांच्या बाळाला पालथं घालून समोर खुळखुळा हलवा. आठ-दहा महिन्यांच्या बाळापुढे वाटी आणि चमचा ठेवा, आवाजाची तक्रार करू नका. वर्षाच्या मुलाला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात बटाटे टाकू द्या. दाणे नकोत, ते नाका-घशात जातात. बाळानं 'आँ' केलं की तुम्ही 'आँ' करा आणि थांबा, त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. मोबाईल हातात देणं म्हणजे बोलणं नाही, कारण मोबाईल बाळाची वाट बघत नाही.

आपल्या हिशेबाच्या वहीबद्दलही थोडं. एआरटी केंद्र लांब असतं, एक दिवस आणि गाडीभाडं जातं. कुणी अंतर्गत कर्ज मागितलं तर कारणाच्या रकान्यात 'दवाखाना' एवढंच लिहा, कुठला दवाखाना ते विचारू नका. आणि औषधाच्या दिवशी बैठक चुकली तर गैरहजेरीचा दंड घेऊ नका. एका गटात दहा रुपयांच्या दंडावरून खोदून खोदून विचारणं झालं आणि ती बाई परत बैठकीला आलीच नाही. दहा रुपये गटाकडे राहिले, पण बाई गेली.

बाळाच्या खाण्याबद्दल सासवांनी आणि आज्यांनी जरा कान इकडे करा. आई उपचार घेत असेल, तर बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यावं, असाच सल्ला आपल्याकडे दिला जातो. मध, घुटी, वरचं दूध, पाणीसुद्धा नाही. वरचं काही गेलं की बाळाच्या कोवळ्या आतड्याला इजा होते आणि मग दुधातून विषाणू आत शिरायला वाट मिळते. काही कारणानं वरच्याच दुधावर वाढवायचं ठरलं असेल, तर मग फक्त तेच. दोन्ही मिसळून नको. सहा महिन्यांनंतर घरचा मऊ भात-वरण, कुस्करलेलं केळं, आणि अंगावर किती दिवस पाजायचं ते समुपदेशकाला विचारून. मध चाटवायची रीत जुनी आहे हे मला माहीत आहे, माझ्याही घरात होती. बारशाला मधाचं बोट नाही लावलं म्हणून कुणाचं बारसं अडत नाही.

एका बहिणीनं केंद्रावर फोन करून विचारलं होतं, 'तसलं बाळ आमच्या मुलांबरोबर खेळलं तर चालेल का? नाव सांगू नका.' ताई, चालेल. लाळ, पापी, एका ताटात जेवणं, एकच खुळखुळा तोंडात घालणं, डास चावणं, यातल्या कशानंही एचआयव्ही पसरत नाही. आणि 'तसलं' बाळ असं काही नसतं. अंगणवाडीत, शाळेत, दवाखान्यात एचआयव्हीमुळे भेदभाव करायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि कुणी विश्वासानं सांगितलेली ही माहिती तिच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायलाही. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कुणाला गुपचूप काही विचारायचं असेल तर १०९७ हा सरकारी नंबर आहे, फुकट लागतो, नाव विचारत नाहीत.

आता कार्डाचं. दोन महिन्यांच्या आसपास बाळ तोंडाकडे बघून हसायला हवं. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत मान धरावी, नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसावं, वर्षाच्या सुमाराला एखादा शब्द यावा, दीड वर्षापर्यंत चालावं, दोन वर्षांपर्यंत 'आई ये' असे दोन शब्द जोडावेत. मूल थोडं मागे-पुढे होतंच, पण महिने उलटले तरी होत नसेल, किंवा येत होतं ते बंद झालं असेल, तर 'आमच्याकडे सगळीच उशिरा बोलतात' म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तारीख अंगणवाडीताईंना आधी कळते. या आठवड्याच्या बैठकीत ती विचारून घ्या, वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि त्या दिवशी ज्या मुलीला घरून कुणी सोडत नाही, तिच्या दारावरून जा आणि तिला बरोबर घ्या.